जग्वार 'ई-टाइप' मोटारीचीं चाकें व टायर : मूळ कशास म्हणावें?

१. प्रास्ताविक

जुन्या वस्तूंचें जतन करणारांस एक प्रश्न नेहमीं पडतो. वस्तूचा जो भाग झिजण्याकरितांच घडविलेला असतो, त्याचें काय करावें? तरवारीचें पातें तीनशें वर्षें टिकतें, पण मुठीखालची गादी व म्यानाचें कापड टिकत नाहीं. देवळाचा दगड राहतो, शिखरावरील ध्वज मात्र पुन्हां पुन्हां नवा चढवावा लागतो. नव्या ध्वजामुळें देऊळ नवें झालें असें कोणी म्हणत नाहीं. परंतु दगड बदलला तर जाणते लोक हरकत घेतात. म्हणजे वस्तूच्या कोणत्या भागास मूळ म्हणावें व कोणता भाग नित्याच्या खर्चांत धरावा, याचा कांहींतरी निर्णय आपण मनांत बाळगलेला असतो. मोटारीच्या बाबतींत हा निर्णय सर्वांत अवघड होतो तो चाकापाशीं. टायर झिजण्यासाठींच केलेला आहे. पण मोटारीचें रूप, तिची चाल आणि तींत बसणाराचा जीव हीं तिन्ही त्याच्यावर अवलंबून आहेत.

या लेखांत आम्ही हा प्रश्न एका मोटारीपुरता घेतला आहे. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९६१ पासून १९७४ पर्यंत तयार झालेली जग्वार कंपनीची 'ई-टाइप' ही ती मोटार होय. ती निवडण्यास दोन कारणें आहेत. एक, तिच्याविषयींचीं छापील साधनें विपुल आहेत. दुसरें, ज्या वर्षांत ती तयार होत होती त्याच वर्षांत टायरची जुनी पद्धत जाऊन नवी रूढ झाली. त्यामुळें एकाच नांवाच्या मोटारीस निरनिराळ्या वर्षीं निरनिराळीं चाकें व टायर लागलेले आढळतात. अशी मोटार बाळगणारा गृहस्थ "हिचे मूळचे टायर कोणते?" असें विचारतो, तेव्हां त्याच्या एका प्रश्नांत तीन प्रश्न मिसळलेले असतात. कारखान्यांतून निघतांना मोटारीस काय होतें? त्या काळचे लोक काय बसवीत? आणि आज काय बसवावें? पहिल्या दोहोंचें उत्तर पुराव्यानें द्यावयाचें, तिसऱ्याचें विवेकानें. हे तीन प्रश्न वेगळे न केल्यानें एक तर मोटार विद्रूप होते, नाहीं तर माणसाच्या जिवावर बेततें. म्हणून ही चर्चा केवळ हौशी लोकांची समजून सोडून देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

२. तारेच्या चाकाची परंपरा

आपल्याकडील बैलगाडीच्या चाकांत तुंबा, आरे, लांकडी कडें व त्यावर चढविलेली लोखंडी धाव असे भाग असतात. त्यांतील आरा जाड असून, खांबावर छप्पर उभें राहावें तसा सर्व भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. तारेच्या चाकाचें तत्त्व याहून वेगळें आहे. तार दाबली असतां वांकते, पण ओढली असतां मोठा भार सोसते. म्हणून या चाकांतील प्रत्येक तार आधींच ताणून बसविलेली असते. भार पडला कीं खालच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, इतकेंच. सर्व तारा नीट ताणलेल्या आहेत तोंवर चाक गोल राहतें. कांहीं तारा सैल झाल्या कीं उरलेल्यांवर ओढ वाढते व त्याही एकामागून एक तुटूं लागतात.

हें चाक सायकलींतून मोटारींत आलें, व त्या इतिहासांतही कॉव्हेंट्रीचेंच नांव पुढें येतें. जेम्स स्टार्ले व विल्यम हिलमन यांनीं १८७० मध्यें 'एरियल' नांवाच्या सायकलीचें पेटंट घेतलें, तींत ताणलेल्या तारांचीं चाकें होतीं. पुढें १८७४ मध्यें स्टार्लेनें तारा तुंब्यापासून सरळ बाहेर न काढतां स्पर्शरेषेच्या दिशेनें काढण्याची युक्ति बसविली. तिच्यामुळें तुंब्यास दिलेला पीळ कड्यापर्यंत पोंचूं लागला. मोटारीच्या तारेच्या चाकांत तारा परस्परांस छेदून जातांना दिसतात, त्या याच कारणानें. नंतर त्याच गांवच्या रज-व्हिटवर्थ या सायकलींच्या कंपनींतील जॉन प्यू यानें १९०७-०८ च्या सुमारास, मधल्या एकाच नटानें काढतां-घालतां येणारें मोटारीचें तारेचें चाक प्रचारांत आणलें. या सुट्या चाकाचा लाभ इतका उघड होता कीं, १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीच्या नियमांत त्यास मनाई करण्यांत आली, आणि इंग्लंडच्या नेपियर कंपनीच्या मोटारी त्या शर्यतींत उतरल्या नाहींत.

ही हकीगत वाचून, ई-टाइपचें तारेचें चाक म्हणजे शर्यतीच्या विद्येचा कळस असावा असें कोणास वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशी नाहीं. विल्यम लायन्स यानें ब्लॅकपूल येथें मोटारसायकलींच्या साइडकार बनविण्यापासून सुरुवात केली व १९२८ मध्यें आपला कारखाना कॉव्हेंट्रीस आणला. त्याच्या कंपनीनें १९४८ मध्यें दाखविलेल्या 'एक्स. के. १२०' मोटारीस प्रथम पत्र्याचीं चाकें होतीं, व मागचीं चाकें तर झांकणाखालीं दडविलेलीं होतीं. तारेच्या चाकांतून ब्रेकांस वारा अधिक लागतो. तीं घेण्याची सोय १९५१ पासून झाली. ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारच्या 'सी-टाइप' मोटारीनें १९५१ व १९५३ मध्यें जिंकली, ती तारेच्या चाकांवर. परंतु तिच्यामागून आलेल्या 'डी-टाइप' मोटारीनें १९५५, १९५६ व १९५७ अशीं लागोपाठ तीन वर्षें ती शर्यत जिंकली, तेव्हां तिला तारेचीं चाकें नव्हतीं. भोंकें पाडलेलीं, हलक्या मिश्रधातूचीं डनलॉपचीं चाकें होतीं. १९६३ मध्यें खास शर्यतीकरितां ज्या बारा हलक्या ई-टाइप मोटारी कंपनीनें बांधल्या, त्यांसही मिश्रधातूचींच चाकें दिलीं.

यावरून असें ठरतें कीं, १९६१ मध्यें विक्रीच्या ई-टाइपला तारेचीं चाकें लावलीं तेव्हां शर्यतीच्या दृष्टीनें तीं मागें पडलेलीं होतीं. तीं ठेवण्यांत परंपरा व शोभा यांचा भाग मोठा होता असें आमचें मत आहे. जें चाक जन्मतःच कांहीं अंशीं जुन्याची आठवण म्हणून बसविलें, तें आज केवळ आठवण म्हणून जतन करण्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र तें सर्वांत बळकट चाक आहे अशा समजुतीनें कोणी तें वापरूं नये.

३. टायरची परंपरा

रॉबर्ट विल्यम टॉमसन यानें हवेच्या टायरचें पेटंट १८४५ मध्येंच घेतलें होतें. परंतु तें विस्मरणांत गेलें. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्ट येथें राहणारा स्कॉटिश पशुवैद्य. त्यानें १८८७ मध्यें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीवर प्रयोग करून १८८८ मध्यें पेटंट मिळविलें. पुढें टॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यावर डनलॉपचा हक्क बाद ठरला. धंद्यास नांव मात्र त्याचेंच राहिलें. नांव एकाचें व आरंभ दुसऱ्याचा, हा प्रकार इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं. १८९५ मध्यें फ्रान्सांतील मिशलँ बंधूंनीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली व तेथून मोटारीचा हवेचा टायर रूढ होत गेला.

या टायरच्या अंगांत सुताचे थर एकमेकांस तिरके छेदून बसविलेले असत. यास 'क्रॉस-प्लाय' म्हणतात. चाक फिरतांना टायरचा खालचा भाग दबतो, तेव्हां हे तिरके थर कात्रीच्या पात्यांप्रमाणें परस्परांवर सरकतात. त्यांत उष्णता उत्पन्न होते व जमिनीस टेकलेला तळही वेडावांकडा होतो. मिशलँ कंपनीनें १९४६ मध्यें पेटंट घेतलेल्या व १९४९ मध्यें 'एक्स' या नांवानें विक्रीस आणलेल्या टायरांत, अंगांतील दोरे एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सरळ आडवे जातात आणि तळाखालीं पोलादी तारांचा पट्टा असतो. यास 'रेडियल' म्हणतात. त्याचें अंग मऊ व तळ ताठ असल्यानें तो कमी तापतो, कमी झिजतो व वळणावर जमीन अधिक घट्ट धरतो. इटलींतील पिरेली कंपनीनें याच वाटेनें जाऊन १९५० च्या दशकांत कापडी पट्ट्याचा 'चिंतुरातो' टायर काढला. त्या नांवाचा अर्थच 'पट्टा बांधलेला' असा आहे.

नव्या पद्धतीबरोबर एक भेदही आला, तो लक्षांत ठेवण्याजोगा आहे. क्रॉस-प्लाय टायर वळणावर हळूहळू घसरूं लागतो व चालविणारास आधीं सूचना देतो. त्या काळचा रेडियल टायर पुष्कळ वेळ घट्ट धरून राहतो, पण त्याची मर्यादा संपली म्हणजे अधिक एकाएकीं सुटतो. याच कारणानें पुढें रेडियल व मागें क्रॉस-प्लाय असे मिसळून बसविणें घातक असून इंग्लंडच्या कायद्यानेंही त्यास मनाई आहे; तसें केल्यास पुढचीं चाकें धरून राहतात आणि मागचीं सुटून मोटार गरकन् फिरते.

४. १९६१ ची मोटार व तिच्याविषयींचीं साधनें

ई-टाइप प्रथम १५ मार्च १९६१ रोजीं जिनिव्हा येथें लोकांपुढें आली. तिच्या चाकांविषयींची माहिती देणारीं साधनें चार प्रकारचीं आहेत : कारखान्यानें छापलेली चालकाची पुस्तिका व सुट्या भागांची यादी, त्या वेळच्या नियतकालिकांतील मोटारीच्या परीक्षा, जाहिरातींतील छायाचित्रें, आणि आज शिल्लक असलेल्या मोटारी. यांपैकीं शेवटचें साधन सर्वांत आकर्षक व सर्वांत फसवें होय. साठ वर्षांत चाकें किती वेळां बदललीं याची नोंद मोटारीच्या अंगावर राहत नाहीं. कंपनीच्या वारसा-संस्थेकडून मिळणारें प्रमाणपत्रही येथें पुरेसें पडत नाहीं. त्यांत सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक, रंग, रवानगीची तारीख इत्यादि मूळ नोंदवहींतील मजकूर असतो. टायर कोणाचे होते हें त्यांत मिळत नाहीं. तेव्हां कारखान्याची समकालीन पुस्तिका हेंच अव्वल साधन धरावें लागतें. अस्सल कागद व मागाहून लिहिलेली बखर यांत जो भेद आपण करतों, तोच येथें करावयाचा आहे.

या साधनांवरून आरंभींच्या मोटारीस पंधरा इंच व्यासाच्या, पांच इंच रुंदीच्या कड्याचीं व बहात्तर तारांचीं डनलॉप चाकें होतीं. त्यांवर डनलॉपचे 'आर. एस. ५' हे ६·४० इंच रुंदीच्या मापाचे क्रॉस-प्लाय टायर ट्यूबसह बसविलेले असत. शर्यतीची हौस असणारास डनलॉपचे 'आर. ५' हे शर्यतीचे टायर वेगळे मागवितां येत; ते पुढें ६·०० व मागें ६·५० मापाचे असत. 'ऑटोकार' या नियतकालिकानें मार्च १९६१ मधील परीक्षेंत ताशीं १५०·४ मैल वेग नोंदविला, व त्यामुळें दीडशें मैलांची मोटार ही तिची ख्याति झाली. परंतु तो वेग शर्यतीच्या 'आर. ५' टायरांवर मिळविलेला होता. नेहमींच्या टायरांसाठीं पुस्तिकेंत साध्या वेगास एक हवेचा दाब व अतिवेगास त्याहून अधिक दाब सांगितलेला आहे. म्हणजे टायर हीच त्या मोटारीच्या वेगाची खरी मर्यादा आहे, हें कारखान्यास पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें.

चाकाच्या रंगाविषयींही अशीच एक समजूत दुरुस्त करावयास हवी. आज प्रदर्शनांत दिसणाऱ्या बहुतेक ई-टाइप मोटारींचीं चाकें क्रोमच्या मुलाम्यानें लखलखत असतात. मूळच्या किंमतींत मिळणारीं चाकें मात्र रुपेरी रंग दिलेलीं असत. क्रोमच्या चाकांस वेगळे पैसे पडत. दोन्ही समकालीन आहेत, दोन्ही कारखान्याचींच आहेत. पण रंगाचीं चाकें काढून क्रोमचीं घालणारा मनुष्य मोटार मूळ रूपास नेत नसून तिला श्रीमंत करीत असतो, हें त्यानें जाणून असावें.

५. तेरा वर्षांतील फेरफार

१९६५ नंतरच्या वर्षांत ई-टाइपला १८५ मिलिमीटर रुंदीचे रेडियल टायर मिळूं लागले आणि १९६८ च्या दुसऱ्या मालिकेच्या मोटारींस ते नित्याचे झाले. १९७१ मध्यें बारा सिलिंडरांच्या इंजिनाची तिसरी मालिका निघाली. तिच्यांत कडें सहा इंच रुंद झालें, टायर त्याहून रुंद व बसका झाला आणि नित्याचीं चाकें पोलादी पत्र्याचीं झालीं. तारेचीं चाकें हवीं असल्यास वेगळीं मागवावीं लागत. म्हणजे या मोटारीचें जें अंग लोक तिची ओळख मानतात, तें तिच्या शेवटच्या मालिकेंत ऐच्छिक होऊन बसलें होतें.

मधल्या नटाची कथाही बोधप्रद आहे. आरंभींच्या मोटारींचा हा नट दोन कानांचा असून तांब्याच्या हातोड्यानें ठोकून घट्ट करीत. उजव्या बाजूचा नट घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें सुटतो व डाव्या बाजूचा त्याच्या उलट; कारण दोन्ही बाजूंचे आटे मुद्दाम विरुद्ध पाडलेले असतात, व चाक फिरतांना नट सैल न होतां घट्ट होत जावा हा त्यांतील हेतु आहे. अमेरिकेंत १ जानेवारी १९६८ पासून अशा बाहेर आलेल्या कानांस नियमानें बंदी झाली, कारण त्यांनीं पादचाऱ्यास इजा होण्याची भीति होती. म्हणून पुढील मोटारींस कान नसलेले अष्टकोनी नट आले. तो अमेरिकन नियम १९९६ मध्यें रद्द झाला. आज पुष्कळ मालक १९६९ किंवा १९७० च्या मोटारीचे अष्टकोनी नट काढून शोभेसाठीं कानांचे नट लावतात. त्यानें मोटार अधिक जुनी दिसते. पण ती जशी होती तशी दिसत नाहीं. एका नटाच्या आकारांत एका देशाच्या कायद्याचा इतिहास सांठविलेला आहे, तो पुसला जातो. दुरुस्तींत डाव्या-उजव्या बाजूचे तुंबे अदलाबदल झाले, तर याहून वाईट परिणाम होतो. चालत्या मोटारीचा नट आपोआप सुटूं लागतो.

६. टायरवरील लेख कसा वाचावा

टायरच्या अंगावर जीं अक्षरें व अंक उठविलेले असतात, त्यांचें वाचन हें एक लहानसें लिपिशास्त्रच आहे. जुन्या क्रॉस-प्लाय टायरवर दोनच अंक असत : इंचांतील रुंदी व इंचांतील कड्याचा व्यास. आरंभींच्या रेडियल टायरवर रुंदी मिलिमीटरांत व व्यास इंचांत, अशी मिश्र पद्धत आली ती अद्याप चालू आहे. अक्षर वेगाची मर्यादा सांगतें : 'एस' म्हणजे ताशीं १८० किलोमीटर, 'एच' म्हणजे २१०. त्या काळच्या टायरवरील 'व्ही. आर.' या खुणेचा अर्थ २१० हून अधिक वेगास योग्य असा होता. आजच्या पद्धतींत 'व्ही' म्हणजे २४०. दीडशें मैल म्हणजे सुमारें २४० किलोमीटर. तेव्हां या मोटारीस 'व्ही' च्या खालचें अक्षर चालत नाहीं. मालक तितक्या वेगानें जाणार नसला तरी पुढचा मालक जाणार नाहीं असें कोणी सांगावें?

रुंदीबरोबर उंचीही पाहावी लागते. जुन्या १८५ च्या रेडियल टायरवर उंची लिहिलेली नसे; ती रुंदीच्या सुमारें ८० टक्के समजावयाची. त्या हिशेबानें एका बाजूची उंची १४८, दोन्ही बाजूंची २९६ व पंधरा इंचांचे ३८१ मिळून व्यास ६७७ मिलिमीटर होतो. तिसऱ्या मालिकेच्या टायरशीं जुळणाऱ्या २०५/७० या मापाचा व्यास ६६८ येतो, म्हणजे फारसा फरक नाहीं. परंतु आजच्या बाजारांत सहज व स्वस्त मिळणारा १९५/६५ मापाचा टायर घातला, तर व्यास सुमारें ६३४ होतो. मोटार जमिनीकडे एकवीस मिलिमीटर खालीं येते, वेगाचा कांटा १०० दाखवितो तेव्हां खरा वेग ९४ च्या जवळपास असतो, आणि कमानींत टायर हरवल्यासारखा दिसतो. केवळ कड्यावर बसतो म्हणून टायर योग्य, ही समजूत किती चुकीची आहे हें एवढ्या गणितानें दिसून येईल.

सर्वांत महत्त्वाचा लेख सर्वांत लहान असतो. २००० सालापासून टायरवर चार अंकांनीं जन्मकाळ लिहितात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '३४१७' म्हणजे २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. त्यापूर्वीं तीनच अंक असत. '३४७' म्हणजे चौतिसावा आठवडा व सात हा वर्षाचा शेवटचा अंक. तें वर्ष १९७७, १९८७ कीं १९९७ हें त्यावरून कळत नाहीं. जुन्या पत्रांत तीथ आहे पण शक नाहीं, अशी अडचण आपणांस नेहमीं येते. तीच येथें आहे. फरक एवढाच कीं, पत्राचा शक चुकला तर लेख चुकतो, टायरचा चुकला तर चाक फुटतें. चार अंक नसलेला टायर एवढ्यावरूनच वापरास बाद समजावा.

७. वयाचा प्रश्न

हौशी मालकांत असा समज आढळतो कीं, टायरची नक्षी शाबूत आहे व मोटार वर्षांतून शें-दोनशें मैलच चालते, तर टायर चांगलाच असला पाहिजे. हा समज मोडून काढणें हा या लेखाचा एक हेतु आहे. रबर हवेंतील प्राणवायूनें व ओझोननें सतत कडक होत असतें. तें वांचविण्यासाठीं त्यांत मेणासारखीं द्रव्यें घातलेलीं असतात. टायर फिरतांना दबतो-सुटतो तेव्हां तीं पृष्ठभागावर येतात. उभ्या मोटारीच्या टायरास हें संरक्षण नीट मिळत नाहीं. म्हणून कमी चाललेला जुना टायर नेहमीं चालणाऱ्या टायरापेक्षां लवकर निकामी होऊं शकतो, आणि त्याची नक्षी मात्र नव्यासारखी राहते.

सप्टेंबर २०१२ मध्यें इंग्लंडच्या सरे परगण्यांत हिंडहेडजवळ एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटून बस रस्त्याबाहेर गेली व तिघांचा अंत झाला. आइल ऑफ वाइटवरील संगीत-महोत्सवाहून तरुण मंडळी परत येत होती. तपासांत निघालें कीं, तो टायर साडेएकोणीस वर्षांचा, म्हणजे त्या बसहूनही जुना होता. मेलेल्या एका मुलाच्या आईनें पुढें वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्यें मालगाड्या व बसगाड्यांच्या पुढच्या चाकांस दहा वर्षांहून जुना टायर लावण्यास कायद्यानें बंदी झाली. हा कायदा खाजगी जुन्या मोटारींस लागू नाहीं. पण रबर कायदा पाहून कुजत नाहीं. ज्या मालकास आपल्या मोटारीवरील चाळीस वर्षांपूर्वींचे टायर 'अस्सल' म्हणून अभिमानाचे वाटतात, त्यानें ती मोटार रस्त्यावर नेऊं नये, एवढेंच आम्ही म्हणतों. अस्सलपणाचा अभिमान त्याचा, पण रस्ता सर्वांचा आहे.

८. आजची निवड

वरील पुराव्यावरून आमचा अभिप्राय पुढीलप्रमाणें आहे.

जी मोटार १९६१ ते १९६५ या काळांतील असून बहुधा प्रदर्शनांत उभी राहते व हळू चालते, तिला जुन्या नमुन्याचे, परंतु नव्यानें बनविलेले ६·४० मापाचे क्रॉस-प्लाय टायर बसविणें हें इतिहासास धरून आहे. जुन्या नमुन्यांचे टायर पुन्हां बनविण्याचा धंदा आतां चांगला स्थिर झाला आहे. अमेरिकेंत टेनेसी संस्थानांत १९५८ मध्यें निघालेल्या कोकर या पेढीनें त्यांत मोठें नांव मिळविलें, व पिरेलीसारख्या मूळच्या कंपन्यांनींही आपले जुने टायर बाहेरून त्याच रूपाचे, पण आंतून आजच्या रबराचे असे पुन्हां काढले आहेत.

जी मोटार खरोखर प्रवासास वापरावयाची आहे, तिला १८५ मापाचा 'व्ही' दर्जाचा रेडियल टायर घालावा. १९६१ च्या मोटारीस तो मूळचा नव्हे, हें मान्य. परंतु ई-टाइपच्या हयातींतच त्या मोटारीस तो मिळूं लागला होता. तो तिचा समकालीन आहे, परका नाहीं. तिसऱ्या मालिकेच्या सहा इंची कड्यास २०५/७० योग्य. चारही चाकांस एकाच जातीचे टायर असावे. मोठ्या व्यासाचीं आधुनिक चाकें व बसके रुंद टायर घालणें हें मात्र रूप व गणित दोन्ही बिघडविणारें आहे. त्याचें समर्थन कोणत्याही साधनानें होत नाहीं.

चाकांविषयीं याहून अधिक सावधगिरी हवी. रेडियल टायर वळणावर जमीन अधिक धरतो, म्हणून तारांवर बाजूनें पडणारी ओढही वाढते. साठ वर्षांच्या थकलेल्या तारांस ती सोसेलच असें नाहीं. गंजलेल्या, सैल किंवा तुटक्या तारांचें चाक पुन्हां बांधून घ्यावें, अथवा नवें घ्यावें. चाक तुंब्यावर ज्या दांत्यांनीं बसतें ते दांते झिजले असल्यास वेग देतांना किंवा ब्रेक लावतांना 'खट्' असा आवाज येतो. अशा झिजलेल्या दांत्यांवर नवें चाक चढविल्यास तेंही लवकरच झिजतें. म्हणून चाक व तुंबा यांची परीक्षा एकत्र करावी आणि दांत्यांस वंगण द्यावें. तारांचीं टोंकें कड्याच्या आंतून वर येतात, तीं ट्यूबला टोंचूं नयेत म्हणून मध्यें पट्टी घालावी लागते. ट्यूबशिवाय चालणारा टायर मिळाला, तरी कडें हवाबंद केलेलें नसेल तर ट्यूब घातलीच पाहिजे. नाहीं तर बहात्तर भोंकांतून हवा जाईल.

जुन्या मोटारींच्या संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ मध्यें तुरीनची सनद मान्य केली, तिचें धोरणही असेंच आहे. वापरासाठीं बदल करावा लागला तर तो डोळ्यांत भरणारा नसावा, पुन्हां मागें फिरवितां यावा व त्याची नोंद ठेवावी. म्हणून आमची मालकांस अशी सूचना आहे कीं, काढलेलीं मूळचीं चाकें विकूं नयेत. तीं चिठ्ठी बांधून कोरड्या जागीं ठेवावीं. नवे टायर कोणत्या तारखेस, कोणत्या मापाचे व कोणत्या कारणानें घातले, हें मोटारीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावें. पन्नास वर्षांनीं येणाऱ्या संशोधकास तेंच अव्वल साधन होईल.

९. समारोप

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा. 'मूळ टायर' अशी एक वस्तु नाहीं. प्रत्येक वर्षाच्या मोटारीचें उत्तर वेगळें आहे, व तें समकालीन कागदांवरूनच काढावें लागतें. टायरचें मूळपण त्याच्या मापांत, रूपांत व बांधणींत असतें, त्याच्या वयांत नसतें. रबर जुनें होणें हा अस्सलपणा नव्हे. तारेच्या चाकाचें मात्र तसें नाहीं. तें दुरुस्त होतें, बांधतां येतें व पिढ्यान् पिढ्या टिकवितां येतें. म्हणून त्याचा समावेश ध्वजांत नव्हे, दगडांत करावा.

२००८ मध्यें जग्वार कंपनी मुंबईच्या टाटा मोटर्सनें विकत घेतली. कॉव्हेंट्रीच्या त्या मोटारींचा इतिहास त्या दिवसापासून आपल्याही दाराशीं आला आहे. जुन्या मोटारी जपणारे लोक आपल्याकडेही आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांस चाकांचा हा प्रश्न केव्हां ना केव्हां सोडवावा लागणार आहे. तो सोडवितांना इतिहासासाठीं कोणाचा जीव धोक्यांत घालूं नये, आणि सुरक्षिततेचें निमित्त करून इतिहासही पुसूं नये. ही दोन्ही पथ्यें एकदम पाळतां येतात, एवढें या लेखानें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल तर आमचा श्रम सफल झाला असें आम्ही समजूं.